मिठागरातील जांभळे प्रथिन

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे नाव तुम्ही ऐकले असेल. २०२० सालच्या जून महिन्यात त्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोकांना मोठे नवल वाटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासले. तेव्हा समजले, की हा रंग खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. असे सूक्ष्मजीव मिठागरांतही असतात.

त्यांच्याच कुळातील एकाचे नाव आहे हॅलोबॅक्टेरियम. १९७१ साली अमेरिकेत डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशीच्या आवरणातील एका प्रथिनाचा शोध लावला. त्याचा रंग जांभळा, म्हणजे उर्दूतील जामुनी. त्याचे नाव बॅक्टेरिओरोडॉप्सिन. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला जांभळे प्रथिन म्हणू.

हे प्रथिन काय करते? त्याच्या पोटात रेटिनाल नावाचा एक रेणू असतो. प्रकाश पडताच हा रेणू वाकतो. त्याबरोबर प्रथिन हायड्रोजनचा एक धनभारित कण पेशीबाहेर ढकलते. मग सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात ते पूर्ववत होते आणि पुन्हा कामाला लागते. या ढकलण्यातूनच त्या सूक्ष्मजीवाला जगण्यासाठी ऊर्जा मिळते.

रेटिनाल आपल्याही डोळ्यांत असते. ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनते. हे जीवनसत्त्व कमी पडले, की रातांधळेपणा येतो. उर्दूत त्यालाच शबकोरी म्हणतात.

विद्युतभार जागचा हलला, की विजेचा संकेत निर्माण होतो. पण हा संकेत फार क्षीण असतो. तो टिपायला आणि वाढवायला अर्धवाहक हवेत. तांब्यातून वीज सहज वाहते, रबरातून वाहत नाही. सिलिकॉनसारखे पदार्थ या दोहोंच्या मधले. उर्दूत त्यांना नीम मोसिल म्हणतात. रेडिओ, संगणक, मोबाइल हे सारे त्यांच्यावरच चालतात.

१९९२ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांची जोडी जमवली. कथिलाचे ऑक्साइड हा पारदर्शक अर्धवाहक आहे. त्याचा थर दिलेल्या काचेवर त्यांनी जांभळ्या प्रथिनाचा अतिशय पातळ पापुद्रा बसवला आणि ६४ ठिपक्यांचा एक छोटा कृत्रिम डोळा तयार केला. त्याची एक गंमत होती. प्रकाश सुरू झाला, की क्षणभर वीज वाहे. प्रकाश बंद झाला, की ती क्षणभर उलट दिशेने वाहे. प्रकाश स्थिर असला, की काहीच नाही! म्हणजे हा डोळा फक्त बदल सांगत असे. आपलेही असेच असते ना? वर्गातील भिंत रोज समोर असते, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण तिच्यावरून पाल सरकली, की साऱ्यांच्या माना वळतात.

मग अशी यंत्रे बाजारात का दिसत नाहीत? एक अडचण अशी, की पापुद्र्यातील सर्व रेणूंची तोंडे एकाच दिशेला हवीत. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचा जोर सारखा असेल, तर दोर हलत नाही. तसेच येथे होते. शिवाय सिलिकॉनचे कॅमेरे अतिशय स्वस्त आणि वेगवान झाले.

तरीही प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांचे मोल कमी झाले नाही. डोळ्यांच्या एका आजारात दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. पण मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी उरतात. अशाच आजाराने दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थांवर केलेल्या उपचाराची माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली. शैवालापासून मिळालेल्या अशाच एका प्रथिनाचा जनुक शास्त्रज्ञांनी त्यांच्या डोळ्यातील उरलेल्या पेशींत घातला. सोबत कॅमेरा असलेला खास चष्मा दिला. कॅमेरा दृश्यातील बदल टिपतो आणि चष्मा योग्य रंगाचा प्रकाश डोळ्यात सोडतो. सरावानंतर, चष्मा घातला असता, ते टेबलावरची वही शोधू लागले. चेहरे ओळखणे किंवा वाचणे मात्र त्यांना जमले नाही.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, माझ्या नानींना दिसत नाही. त्यांना हा चष्मा मिळेल का?" मी म्हणालो, "बेटा, हे संशोधन अजून चालू आहे. पण सगळे अंधत्व सारखे नसते. मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रियेने आजही दिसू लागते. आधी नानींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाला कमी दिसत असेल, तर हेच करा. आणि पुढे मिठागराचे रंगीत पाणी दिसले, तर क्षणभर थांबा. ते पाणी घाण आहे असे समजू नका. तेथे लहानसे जीव प्रकाशाचा उपयोग करून जगत असतील.