किटची मुदत संपलेली नाही, तरी पाण्याची तपासणी चुकू शकते! कशी? जाणून घ्या

पावसाळा सुरू झाला की गावोगावी पाणी तपासणीला वेग येतो. जलसुरक्षक नळाचे पाणी छोट्या नळीत घेतो, ओटीचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे, असे समजले जाते. पण बाटलीतले ओटी द्रावणच आधीपासून पिवळे पडलेले असेल तर? क्लोरीन नसलेले पाणीही ‘सुरक्षित’ ठरते आणि तेच घराघरांत पोहोचते.

जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. त्यात प्रत्येक गावातील पाच महिलांना फिल्ड टेस्ट किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यामुळे हे किट कुठे आणि कसे ठेवले जाते, हा आता गावच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

मुदत म्हणजे नेमके काय?

बाटलीवरची ‘एक्स्पायरी’ सीलबंद आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या रसायनासाठी असते. झाकण उघडले की दुसरे घड्याळ सुरू होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा आत शिरतो. तापमान १० अंशांनी वाढले, तर अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेले किट त्यामुळे छापील मुदतीआधीच निकामी होऊ शकते.

कोणत्या रसायनाला कशाचा धोका?

• ओटी (ऑर्थोटोलिडीन): उजेडाने खराब होते. म्हणून ते गडद रंगाच्या बाटलीत, अंधाऱ्या जागी ठेवतात. द्रावण तयार केल्यापासून साधारण सहा महिनेच वापरावे.
• डीपीडी: क्लोरीन असल्यास गुलाबी रंग देते. याचे द्रावण हवेने लवकर बिघडते, तर फॉइलमधील गोळी बराच काळ टिकते. फॉइल फाटले असेल तर गोळी वापरू नका.
• एचटूएस बाटली: दूषित पाणी यात काळे पडते. सील तुटले असेल किंवा आतल्या माध्यमाचा रंग आधीच बदलला असेल, तर बाटली बाद समजा.
• रंगांचा तक्ता: हे रसायन नव्हे, पण उन्हात त्याचे रंग उडतात आणि तुलनाच चुकते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) मुक्त उर्वरित क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवे. एवढ्या कमी प्रमाणात पिवळ्या रंगाची छटा अगदी फिकट असते. त्यामुळे रसायन थोडे कमजोर झाले तरी निष्कर्ष बदलतो.

किट चालू आहे की नाही, कसे ओळखाल?

दोन नळ्या घ्या. पहिलीत डिस्टिल्ड वॉटर घ्या. दुसरीत टीसीएल पावडरचा अगदी किंचित कण विरघळवलेले पाणी घ्या. दोन्हींत ओटीचे थेंब टाका. पहिलीत रंग येता कामा नये, दुसरीत आलाच पाहिजे. यातले काहीही उलटे घडले, तर त्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. टीसीएल पावडरही जुनी, ओलसर नको. तिच्यातले क्लोरीन साठवणुकीत कमी होत जाते.

हे लक्षात ठेवा

• बाटली उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहा.
• एका बाटलीचे झाकण किंवा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका.
• किट खिडकीत, चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवायचे की नाही, हे लेबल पाहूनच ठरवा.
• ओटी आम्लयुक्त आणि आरोग्याला घातक आहे. हातमोजे वापरा, लहान मुलांपासून दूर ठेवा.
• मुदत संपलेली रसायने विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. ती प्रयोगशाळेकडे सोपवा.

किट ही प्राथमिक चाचणी आहे. निकालाबद्दल शंका असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा. तुमच्या गावात पुढची तपासणी होईल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: ही बाटली उघडली कधी?