जे सगळ्यांना ठाऊक होतं: एक कादंबरी आणि भिलाईतली एक पहाट

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची एक छोटी कादंबरी १९८१ साली स्पॅनिशमध्ये आली. तिच्या नावाचा सरळ अर्थ ‘आधीच जाहीर झालेल्या मरणाचा वृत्तांत’ असा होतो. मी ती पहिल्यांदा कॉलेजात वाचली, तेव्हा ती दूरच्या कोलंबियाची गोष्ट वाटली. भिलाईला जुनवानीत राहायला आल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा मात्र ती याच शहरात घडल्यासारखी वाटू लागली. असं का वाटलं, ते नीट सांगायचं तर आधी कादंबरीत काय आहे, मग भिलाईत काय झालं, या क्रमानं जावं लागेल.

कादंबरीत काय घडतं

सान्तियागो नासार हा गावातला सुखवस्तू तरुण. त्याला मारलं जाणार आहे, हे लेखक पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. आदल्या दिवशी गावात थाटामाटाचं लग्न झालेलं असतं. त्याच रात्री नवरा बायार्दो सान रोमान नवरीला, आन्हेला विकारिओला, माहेरी परत आणून सोडतो, कारण ती कुमारिका नसते. घरचे तिला त्या पुरुषाचं नाव विचारतात आणि ती सान्तियागोचं नाव घेते. ते खरं होतं का, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. आन्हेलाचे जुळे भाऊ पेद्रो आणि पाब्लो डुकरं कापायच्या सुऱ्या घेऊन निघतात आणि सकाळी सान्तियागोला त्याच्याच घराच्या दारात मारतात.

सत्तावीस वर्षांनी त्याचा एक मित्र गावात परततो आणि एकेकाला भेटून त्या सकाळचा तपशील गोळा करतो. त्याच्या या चौकशीतूनच कादंबरी उलगडते.

या कथेमागे खरी घटना आहे. २२ जानेवारी १९५१ रोजी कोलंबियातल्या सुक्रे गावात काएतानो जेन्तिले या तरुणाचा असाच खून झाला. तो मार्केझ कुटुंबाच्या ओळखीचा होता. मार्केझ पेशानं पत्रकार. स्पॅनिशमध्ये ‘क्रोनिका’ म्हणजे वर्तमानपत्रातला घटनेचा सविस्तर वृत्तांत. तो शब्द त्यांनी मुद्दाम नावात ठेवला असावा, असं मला वाटतं. कादंबरी आल्यावर पुढच्याच वर्षी, १९८२ साली, त्यांना नोबेल मिळालं.

प्रत्येकाकडे एक कारण होतं

कादंबरीचा जीव या भागात आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

जुळे भाऊ पहाटे बाजारात जाऊन सुऱ्यांना धार लावून घेतात आणि कशासाठी ते तिथल्या खाटकांना मोठ्यानं सांगतात. बहुतेकांना ती दारूच्या नशेतली बडबड वाटते. एका खाटकाला शंका येते, तो पोलिसाला सांगतो. मग दोघे भाऊ सान्तियागोच्या घरासमोरच्या दुधाच्या दुकानात बसून राहतात. दुकानाची मालकीण क्लोतिल्दे आर्मेन्ता हिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच कळतं, की या पोरांना हे करायचं नाहीये, कुणीतरी आपल्याला अडवावं म्हणून ती वाट बघतायत.

नगराध्यक्ष असलेला कर्नल लाझारो आपोन्ते येतो, सुऱ्या काढून घेतो आणि त्यांना झोपायला घरी पाठवतो. क्लोतिल्दे त्याला विनवते, की यांना अटक करा, म्हणजे या बिचाऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. कर्नलला वाटतं, सुऱ्या घेतल्या म्हणजे विषय संपला. भाऊ घरी जाऊन दुसऱ्या सुऱ्या घेऊन येतात. पुढे पुन्हा निरोप मिळतो तेव्हा कर्नल आधी क्लबात जातो, रात्रीचा डोमिनोचा डाव ठरलाय ना, एवढं विचारायला.

पाद्री फादर आमादोर यांनाही निरोप पोचलेला असतो. पण हे काम पोलिसांचं, असं त्यांना वाटतं. शिवाय त्या सकाळी बिशप बोटीनं येणार असतात आणि त्या गडबडीत ते विसरून जातात. बोट काठाला थांबतही नाही. बिशप दुरूनच आशीर्वाद देऊन पुढे निघून जातात. कुणीतरी सान्तियागोच्या दाराखालून सगळा कट लिहिलेली चिठ्ठी सरकवून ठेवतं. ती खून झाल्यावर सापडते. घरातल्या स्वयंपाकिणीला ठाऊक असतं, तीही बोलत नाही. आणि शेवटी त्याची आई, प्लासिदा लिनेरो, मुलगा घरातच आहे असं समजून पुढच्या दाराला अडसर घालते. सान्तियागो तेव्हा त्याच दाराकडे धावत येत असतो.

यातला एकही माणूस दुष्ट नाही. एवढ्या लोकांना माहीत आहे म्हणजे त्यालाही माहीत असेलच, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटलं. मला या कादंबरीत सगळ्यात भयंकर वाटतो तो हाच विचार, कारण तो माझ्याही डोक्यात सहज येऊ शकतो.

नियोगी कोण होते

आता भिलाई. सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला इथला पोलाद कारखाना फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाला आणि देशभरातून माणसं आली. विदर्भातून आली ती मराठी कुटुंबंही त्यातलीच. पुढे मजुरांचे नेते झालेले शंकर गुहा नियोगी बंगालमधून आले. त्यांचा जन्म १९४३चा. कोक ओव्हनमध्ये कामाला लागले, संघटना बांधली आणि नोकरी गेली. मग ते खाणींमध्ये मजूर म्हणून राहिले आणि खाणीत काम करणाऱ्या आशा यांच्याशी त्यांनी लग्न केलं. आणीबाणीत ते तुरुंगात होते.

कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा इथे १९७७ साली ठेकेदारीतल्या खाण मजुरांनी त्यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभारली. पावसाळ्याआधी झोपड्या शाकारायला भत्ता हवा, एवढ्या साध्या मागणीवरून तिथे संप झाला. २ आणि ३ जूनला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अकरा जण गेले. त्यानंतरही संघटना टिकली. तिनं दारूबंदीची चळवळ चालवली आणि १९८३ साली मजुरांच्या श्रमातून आणि वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभं केलं. मजुरांचा लाल आणि शेतकऱ्यांचा हिरवा, असा दुरंगी झेंडा याच चळवळीतून उभ्या राहिलेल्या छत्तीसगड मुक्ती मोर्चानं घेतला. ‘संघर्ष और निर्माण’ ही त्यांची घोषणा होती, आणि ते हॉस्पिटल हा तिचा पुरावा आहे.

१९९० साली नियोगी भिलाईत परतले, ते आसपासच्या खाजगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांसाठी. कायम नोकरी आणि जगता येईल एवढी मजुरी या मागण्या होत्या. हजारो मजुरांना कामावरून काढण्यात आलं. १९९१च्या सुरुवातीला नियोगींना दोन महिने तुरुंगात ठेवलं गेलं, त्यांना जिल्ह्याबाहेर घालवण्याची कारवाईही सुरू झाली.

धोका कुणाला माहीत होता

नियोगींच्या जिवाला धोका आहे, हे सगळ्यात आधी त्यांना स्वतःला माहीत होतं. डायरीत त्यांनी संशयाची नावं लिहून ठेवली होती. एका छोट्या कॅसेटवर त्यांनी स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलं, की आपल्याला मारतील हे आपल्याला ठाऊक आहे. जगावर आपलं प्रेम आहे, पण काम सोडता येणार नाही. ही कॅसेट त्यांच्या मृत्यूनंतर ऐकली गेली. सप्टेंबर १९९१ मध्ये ते शेकडो मजुरांना घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती वेंकटरामन यांना निवेदन देऊन आले. म्हणजे भिलाईत काय चाललंय, हे देशाच्या सर्वोच्च दारापर्यंत पोचलं होतं.

२८ सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या साध्या घरात ते झोपलेले होते. खिडकीतून गावठी पिस्तुलाची गोळी आली. घरात दुसऱ्या खोलीत फक्त एक सहकारी होता. त्यांचा देह दल्ली-राजहराला नेला, तो लाल-हिरव्या झेंड्यात गुंडाळून.

कादंबरीशी तुलना करताना इथे जपून बोलायला हवं. कादंबरीत ज्याला मारणार त्यालाच माहीत नसतं आणि मारणाऱ्यांना कुणीतरी अडवावं असं वाटत असतं. भिलाईत बरोबर उलटं होतं. ज्याचा जीव जाणार होता, तोच ओरडून सांगत होता. शहर काय करत होतं? कारखान्याच्या सेक्टरांमध्ये कायम नोकरी, क्वार्टर, शाळा, दवाखाना असलेली आपल्यासारखी घरं होती. ठेका मजुरांचं भांडण आपल्या अंगणातलं नाही, असं त्यातल्या पुष्कळांना वाटत होतं. पहिल्या पाळीला जाणाऱ्या मजुरांच्या सायकली आजही पहाटे दिसतात, हँडलला डबा आणि कॅरिअरला प्लॅस्टिकची बाटली बांधलेली. त्यातला कायम कोण आणि ठेक्यावरचा कोण, हे मला रस्त्यावर उभं राहून ओळखता येत नाही. तेव्हाही बहुतेकांना येत नसणार, आणि कुणी विचारतही नसणार.

न्यायालयात काय टिकलं

तपास सीबीआयकडे गेला. दुर्गच्या सत्र न्यायालयानं जून १९९७ मध्ये सहा जणांना दोषी ठरवलं. गोळी झाडणाऱ्याला फाशी, दोन उद्योगपतींसह इतरांना जन्मठेप. वर्षभरानं जबलपूर उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोळी झाडणारा पल्टन मल्लाह याला दोषी धरून जन्मठेप दिली आणि बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. त्यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही.

डायरी आणि कॅसेटचं काय झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे मृत माणसाचं म्हणणं पुरावा म्हणून चालत होतं, पण ते त्याच्या मृत्यूच्या कारणाशी किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्याच्याशी थेट जोडलेलं असावं लागत होतं. नियोगींचे शब्द आधीच्या भीतीचे होते. न्यायालयानं ते घटनेपासून दूरचे मानले आणि पुराव्यात घेतले नाहीत. कायद्याच्या बाजूनं यात अर्थ आहे. नुसत्या संशयावर शिक्षा व्हायला लागली तर निरपराधही अडकतील. पण स्वतःच्या मरणाबद्दल माणसानं आधीच सांगून ठेवलेलं ऐकायची जागा मग न्यायालयात नसते, ती शेजारीपाजारी असते. आणि त्यासाठी तो माणूस जिवंत असायला लागतो.

कादंबरीतही खटला होतो. जुळ्या भावांचा वकील इज्जतीसाठी मारलं असा बचाव मांडतो आणि ते सुटतात. जामिनाचे पैसे नसल्यामुळे निकालाआधी काढलेली तीन वर्षं, तेवढाच त्यांचा तुरुंग. गावावर खटला होत नाही, कुठल्याही गावावर होत नाही.

आपल्याच वाटेवरचं खैरलांजी

गावाचा विषय निघाला की खैरलांजी आठवतंच. भिलाईची मराठी माणसं नागपूरला जातात तेव्हा गाडी गोंदिया, भंडारा रोड करत जाते. त्याच भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका आणि मुलं सुधीर व रोशन यांना गावातल्या जमावानं मारलं. सुरेखाबाईंनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखून साक्ष दिली होती. ते आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. सुरेखाबाईंचे पती भैयालाल तेवढे वाचले. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ साली सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयानं २०१० साली फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. भोतमांगे कुटुंब दलित होतं, तरी अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. इथे गाव नुसतं बघत उभं नव्हतं, गावातले लोकच त्यात होते. म्हणून याला मार्केझच्या कादंबरीच्या चौकटीत बसवणं मला पटत नाही.

वाचायची असेल तर

कादंबरी लहान आहे, सुट्टीच्या एका दिवसात वाचून होते. खून कोणी केला, हे शोधायला वाचू नका, ते आधीच सांगितलेलं आहे. कोणाला कधी कळलं आणि त्यानं पुढच्या पाच मिनिटांत काय केलं, याकडे लक्ष ठेवा. मी पेन्सिलीनं समासात वेळा लिहीत गेले. क्लोतिल्देच्या दुकानापाशी आल्यावर हात थांबला, कारण त्या बाईनं खरंच सगळं करून पाहिलं होतं. तिनं निरोप पाठवले, कर्नलला विनवलं, शेवटी एका भावाचा शर्ट ओढून धरला. तिचं कुणी ऐकलं नाही.

आणि जुनवानीच्या आसपास राहत असाल, तर एकदा दल्ली-राजहराला जाऊन या. शहीद हॉस्पिटल तिथे आहे. दर २८ सप्टेंबरला लोक जमतात, दुरंगी झेंडा लागतो. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवर, रुळांवर बसलेल्या मजुरांवर गोळीबार झाला आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यांचीही आठवण तिथे निघते. रुळांवरचे ते मजूर नियोगींच्या हत्येनंतर नऊ महिन्यांनी त्याच जुन्या मागण्या घेऊन बसले होते.