राजगीरचे गरम पाणी : अर्धा दिवस आपल्या शरीरासाठी



पावसाळा संपला की आपल्या विहारांतून धम्मसहलीच्या याद्या तयार होऊ लागतात. बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर, आणि पैसे पुरले तर लुंबिनी. आठ-दहा दिवसांत एवढे सगळे बसवायचे म्हणजे गाडीतून उतरा, वंदना घ्या, फोटो काढा, पुन्हा गाडीत बसा. राजगीरला गरम पाण्याची कुंडे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते, पण यादीत त्यासाठी वेळ ठेवलेला नसतो. मग तिथे दोन गोष्टी होतात. काही जण घाईघाईने थेट पाण्यात उतरतात, त्यांत बीपीचे, साखरेचे पेशंटही असतात. आणि बायका पायरीवर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात.

वर्षभर धुणी-भांडी करणारी, विटा वाहणारी, रस्ते झाडणारी ताई एवढ्या लांब जाऊनही सामानच राखत असेल, तर सहलीचे नियोजन चुकले असे समजा. या लेखात दोन्ही गोष्टींचा विचार करू : गरम पाण्याचा आराम सगळ्यांना कसा मिळेल आणि कोणाला त्रास कसा होणार नाही.

पाणी गरम का असते?

ब्रह्मकुंड आणि सातधारा ही ठिकाणे राजगीरच्या वैभार टेकडीच्या पायथ्याशी आहेत. राजगीरमध्येच मखदूम कुंडही आहे, ते सुफी संताच्या नावाने ओळखले जाते. नावे वेगवेगळी असली तरी कारण एकच. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जमिनीत मुरते. जमिनीत जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. वाटेत खडकांतले क्षार, कुठे गंधक, त्यात विरघळतात. यात देवाचा कोप नाही आणि कृपाही नाही.

राजा जिथे थांबला

पाली साहित्यात राजगृहाच्या या गरम पाण्याचे नाव ‘तपोदा’ असे येते. विनयपिटकात त्याची एक गोष्ट आहे. राजा बिंबिसार तपोदावर आंघोळीला आला. भिक्खू आंघोळ करत होते. राजाने त्यांना बाजूला व्हायला सांगितले नाही. त्यांचे होईपर्यंत तो थांबला. भिक्खूंनी अंधार पडेपर्यंत वेळ लावला. राजाची आंघोळ होईतो नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. हे कळल्यावर बुद्धांनी भिक्खूंना दोष दिला आणि पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करू नये असा नियम घालून दिला. पण पुढे त्यात सवलती आल्या : उन्हाळा, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास, वारा-पाऊस.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. सार्वजनिक पाण्यावर राजाचीही पाळी येईपर्यंत थांबायचे असते, आणि आपली पाळी आली की दुसऱ्याचा विचार करायचा असतो. दुसरे, आजारी, कष्टकरी आणि प्रवासी यांना स्नानाची गरज जास्त असते हे तिथे मान्य झाले आहे. आपल्या वस्तीतल्या बायका या तिन्हींत बसतात.

पाप धुण्यासाठी मात्र पाण्यात उतरायचे नाही. थेरीगाथेतली पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. पाप धुण्यासाठी थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले होते की तसे असेल तर पाण्यातल्या बेडूक-कासवांचे काय? कुंडावर पूजा-संकल्प कराल का असे विचारणारे भेटतील. शांतपणे नको म्हणा आणि पुढे व्हा. बावीस प्रतिज्ञा आपल्या सोबत असतातच.

आणि मनात संकोच ठेवू नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते याच हक्कासाठी. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी आणि तलावांच्या जोडीने स्नानघाटही नावानिशी लिहिलेले आहेत. सरकारी खर्चाने राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या असलेल्या अशा जागी जातीवरून कोणाला अडवता येत नाही.

फायदा काय, किती?

ऊब मिळाली की रक्तवाहिन्या पसरतात, आखडलेले स्नायू सैल होतात. छातीपर्यंत पाण्यात बसले की शरीराचा भार हलका होतो आणि गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. म्हणून संधिवात, कंबरदुखी, चालून आलेला थकवा यांना तात्पुरता आराम पडतो, रात्री झोप चांगली लागते. एवढा फायदा खरा आहे.

पण हा उपचार नाही. संधिवात मुळातून जात नाही, साखर उतरत नाही, लकवा बरा होत नाही. खरूज कुंडात बसून जात नाही. तिला डॉक्टरांनी दिलेले मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. नायट्याचेही तसेच, औषध पूर्ण करावे लागते. ‘कुंडाचे पाणी लागले, आता गोळ्या कशाला’ असे म्हणून बीपीची किंवा फिटची गोळी बंद केली तर घरी परतण्याआधीच दवाखाना गाठावा लागेल.

पाण्यात कोणी उतरू नये?

ब्रह्मकुंडाचे पाणी सुमारे ४५ अंश सेल्सिअस असते. अंग बुडवून बसायला ४० अंशांपर्यंतचे पाणी सुरक्षित मानतात. म्हणजे हे पाणी त्याहून बरेच कडक आहे. म्हणून पुढील मंडळींनी कुंडात उतरू नये :

– गरोदर महिला. शरीराचे तापमान वाढले तर बाळाला धोका असतो, पहिल्या तीन महिन्यांत जास्त.
– ज्यांना हृदयविकार आहे, चालताना छातीत दुखते किंवा दम लागतो.
– ज्यांचे बीपी गोळ्या घेऊनही जास्त राहते. गरम पाण्यातून एकदम उठल्यावर बीपी झपकन खाली येते आणि माणूस पडतो.
– फिट येणारे, ताप असलेले, उघडी जखम किंवा अंगावर खरूज-नायटा असलेले. यात त्यांचाही त्रास वाढतो आणि दुसऱ्यांनाही लागण होऊ शकते.
– लहान बाळे. त्यांची कातडी पातळ असते, लवकर भाजते.

साखरेच्या पेशंटने विशेष जपावे. तळपायाची जाणीव कमी झालेली असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही. वॉर्डात काम करताना असे भाजलेले तळवे मी धुतले आहेत. दुखत नाही म्हणून पेशंट उशिरा येतो आणि तोवर जखम चिघळलेली असते. इन्शुलिन टोचल्यावर लगेच गरम पाण्यात जाऊ नका. उष्णतेने इन्शुलिन लवकर शोषले जाते आणि साखर एकदम उतरते. खिशात साखर किंवा गूळ ठेवा.

पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरायचे की नाही हे जिचे तिने आपल्या सोयीने ठरवावे. पाळीने कोणी अपवित्र होत नाही आणि पाणी बाटत नाही.

सिकलसेल असलेल्यांसाठी

आपल्या समाजात, विशेषतः विदर्भात, सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत. शरीरातले पाणी कमी होणे आणि गरमातून एकदम थंडीत जाणे या दोन्हींमुळे त्यांना दुखण्याचा झटका येऊ शकतो. राजगीरला हिवाळ्यात या दोन्ही गोष्टी एकाच जागी होतात. ‘एसएस’ असलेल्यांनी कुंडात बसू नये. कोमट पाणी बादलीत घेऊन आंघोळ करावी, लगेच अंग पुसून गरम कपडे घालावेत. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर एकही दिवस चुकवू नये. ‘एएस’ वाहकांना सहसा त्रास होत नाही, पण पाणी त्यांनीही भरपूर प्यावे. कोणाचे कार्ड कोणते आहे हे सहलीच्या प्रमुखाला माहीत असू द्या. लाल-पिवळे कार्ड लपवण्याची गोष्ट नाही.

बायका पाणी का पीत नाहीत?

प्रवासात बायका मुद्दाम कमी पाणी पितात, कारण संडास घाण असतो किंवा गाडी थांबत नाही. दोन दिवस असे काढले की अंगातले पाणी कमी होते. त्यात गरम पाण्यात बसले की चक्कर येते, आणि लघवीची जळजळ होते ती वेगळी. म्हणून बस ठरवतानाच ड्रायव्हरला सांगा, दर दोन-अडीच तासांनी स्वच्छ संडास असलेल्या जागी गाडी थांबली पाहिजे. हे मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

दिवस कसा बसवाल?

मुंबईकडून जाणाऱ्यांसाठी हावडा मेल गयेला थांबते. बोधगयेहून राजगीर रस्त्याने साधारण ७० ते ८० किलोमीटर आहे. आदल्या संध्याकाळीच राजगीरला मुक्कामाला पोहोचा. सकाळी उन्हाआधी गृध्रकूट चढून या. दुपारी हलके जेवा, तासभर टेका. मग बिंबिसाराने संघाला दान दिलेले वेळुवन बघा. तिथून कुंडे जवळच आहेत. तीनच्या सुमाराला, ऊन असताना कुंडावर जा. त्यानंतर प्रवास ठेवू नका. रात्र राजगीरलाच काढा आणि नालंदा दुसऱ्या दिवशी करा. डिसेंबर-जानेवारीत बिहारमध्ये धुके दाट असते, गाड्यांना उशीर होतो. एक दिवस हाताशी ठेवा. अधिक महिन्यात तिथे मलमास मेळा भरतो. त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

कुंडावरचा तास

१. आधी दोन गट करा. एक गट पाण्यात असेल तेव्हा दुसरा सामान सांभाळेल, मग अदलाबदल. सामानाची पाळी पुरुषांनी आधी घ्यावी.
२. महिलांसाठी आंघोळीची व कपडे बदलण्याची सोय कुठे आहे ते पोहोचताच विचारून घ्या. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी, ओल्या साडीत पाय अडकतो.
३. उतरण्याआधी दोन पेले पाणी प्या. भरल्या पोटी किंवा उपाशी उतरू नका. दारू प्यायलेल्याला अजिबात उतरू देऊ नका.
४. आधी हाताच्या कोपराने पाणी तपासा. मग मगाने पायावर, हातावर, शेवटी खांद्यावर घ्या. फार कडक वाटले तर मगाने अंगावर घेणेच पुरे, आराम त्यानेही मिळतो.
५. कुंडात बसलात तर पाच मिनिटे, फार तर दहा. कठडा धरून हळू उठा, पायरीवर थोडे बसा, मग उभे राहा. पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात.
६. डोके बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकातून मेंदूत शिरतो. हा आजार फार विरळा आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो. नंतरच्या काही दिवसांत जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठ झाली तर डॉक्टरांना कुंडातल्या आंघोळीचे नक्की सांगा.
७. कुंडाचे पाणी पिऊ नका, बाटलीत भरून घरीही आणू नका.
८. बाहेर आल्यावर लगेच अंग कोरडे करा, स्वेटर घाला, कान झाका, पाणी प्या.

चक्कर आली तर माणसाला बाहेर काढून आडवे करा, पाय उंच ठेवा. शुद्ध आल्यावर मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट द्या. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, तर वाट न बघता ११२ ला फोन करा. भाजले तर वीस मिनिटे साधे पाणी ओता. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका.

गोळ्यांची पिशवी प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी, बसच्या टपावर नाही. सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवसांच्या जास्त गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स, ओआरएसची पाकिटे, जाड टॉवेल आणि न घसरणारी चप्पल एवढे पुरे.

लांब जाता येत नसेल तर

बिहारचे भाडे सगळ्यांना झेपत नाही. आपल्या महाराष्ट्रातही असे झरे आहेत : वज्रेश्वरी-गणेशपुरी, रायगडमध्ये पालीजवळचे उन्हेरे, नांदेडच्या किनवट तालुक्यातले उनकेश्वर, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव. महाडला क्रांतिभूमीवर जाणाऱ्यांना जवळच सव येथे गरम पाणी आहे. प्रत्येक ठिकाणचे पाणी कमी-जास्त गरम असते, म्हणून वरचे नियम सगळीकडे पाळा.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर सहलीची यादी समोर ठेवा. राजगीरपुढे ‘मुक्काम’ असा शब्द लिहा. प्रत्येक नावापुढे बीपी, साखर, सिकलसेल, गरोदरपण याची नोंद करा. आणि वस्तीतल्या ज्या मावशीने आजवर फक्त पिशव्या सांभाळल्या, तिचे नाव पाण्यात उतरणाऱ्या पहिल्या गटात घाला.

नमो बुद्धाय. जय भीम.