एब्स्टाईनची झडप: दीडशे वर्षांचा मागोवा

१८६४ मध्ये ब्रेस्लाऊच्या रुग्णालयात १९ वर्षांचा एक मजूर दाखल झाला. लहानपणापासून धाप आणि धडधड, ओठ निळसर. आठ दिवसांत तो गेला. विल्हेल्म एब्स्टाईन यांना शवविच्छेदनात हृदयाच्या उजव्या बाजूची त्रिदली झडप वेगळीच दिसली. पाकळ्या जागेवरून खाली, खालच्या कप्प्याच्या भिंतीला चिकटलेल्या. एकच पाकळी शिडासारखी मोठी. १८६६ मध्ये त्यांनी हे सारं बारकाईने लिहून ठेवलं.

पुढची आठ दशकं हा दोष मृत्यूनंतरच ओळखू येई. जिवंत रुग्णात निदान झालं ते १९४९ मध्ये, फ्रान्समध्ये. मग एक विलक्षण तपासणी आली. टोकाला इलेक्ट्रोड असलेली नळी शिरेतून हृदयात सरकवायची आणि हळूहळू मागे ओढायची. एका जागी विद्युत आलेख खालच्या कप्प्याचा येई, पण दाब मात्र वरच्या कप्प्याचा! झडप खाली सरकल्यामुळे मधला भाग खालचा असूनही वरच्यासारखा वागतो, याचा तो बिनतोड पुरावा होता. पण नळीच्या स्पर्शाने ठोके बिघडत, जिवावरही बेतत असे. टू-डी इको आल्यावर ती जोखीम संपली.

शस्त्रक्रियेची वाट अधिक खडतर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी झडपच बदलली. पण धातूच्या झडपेत गुठळी होण्याची भीती, जैविक झडप काही वर्षांनी झिजणार. तरुण रुग्णाला पुन्हा टेबलावर यावं लागे. म्हणून मूळ झडप वाचवण्याची धडपड चालू राहिली: १९७२ पासून मेयो क्लिनिकमध्ये डॅनियलसन, पुढे पॅरिसमध्ये कार्पांतिए. माझ्या मते खरी कलाटणी ब्राझीलच्या होसे पेद्रो दा सिल्व्हा यांनी १९९३ मध्ये दिली. चिकटलेल्या पाकळ्या सोडवून, फिरवून त्यांचा शंकू शिवायचा आणि तो झडपेच्या मूळ जागी बसवायचा. रुग्णाच्याच ऊतीची झडप!

हा आजार दुर्मीळ, साधारण दोन लाख जन्मांत एक. सौम्य असेल तर चाळिशीपर्यंतही कळत नाही. मग धडधडीला ‘टेन्शन’ म्हणतात, धापेला दमा. अनेकांत ठोक्यांना जन्मजात जादा विद्युतवाटही असते, म्हणून एकाएकी हृदय सुसाट सुटतं. लहानपणी छातीत ‘आवाज’ आहे असं कुणी सांगितलं असेल आणि आता धडधड होत असेल, तर एकदा इको कराच, आणि तो जन्मजात हृदयदोषांच्या जाणकाराला दाखवा.