ताईचा दोष आणि एक्स गुणसूत्र

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर बघायचा नाही, नजरेला नजर द्यायचा नाही, आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे फडफडवायचा. वस्तीने त्याला 'येडं' ठरवले आणि सासरने ताईला दोषी. हिने ग्रहणात भाजी चिरली, हिच्या माहेरचे रक्तच तसले, मागल्या जन्मी काहीतरी केले असणार, हे सारे तिने ऐकून घेतले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरात भगताचा अंगारा आला, हे लिहिताना लाज वाटते. पण लपवून काय उपयोग?

पुढे शहरात रक्ततपासणी झाली. 'फ्रॅजाइल एक्स' हा विकार निघाला. डॉक्टर घाईत होते, एका वाक्यात म्हणाले, "हे आईकडून येते." झाले! मागल्या जन्मीच्या पापाच्या जागी विज्ञानाचा शिक्का बसला. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही तरी काय म्हणत होतो?" मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. दरवर्षी मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढणाऱ्या मला हे त्या घरात बसून समजावता येऊ नये, ही गोष्ट फार लागली. नंतर चार वेळा जाऊन जे सांगितले, तेच येथे मांडतो.

एकाच कुटुंबातील अनेक पुरुष मतिमंद (हा शब्द मला आवडत नाही, पण त्या काळचा आहे) असल्याची नोंद मार्टिन आणि बेल यांनी इंग्लंडात १९४३ साली केली. त्याच वर्षी अमेरिकेत कॅनरने स्वमग्नतेचे वर्णन केले. दोहोंचा एकमेकांशी संबंध असेल, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. १९६९ साली लब्ज यांना अशा रुग्णांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाशी तुटल्यासारखी जागा दिसली. पण इतरांना ती दिसेना. कारण मोठे गमतीचे आहे. प्रयोगशाळांनी पेशी वाढवण्यासाठी सकस खुराक वापरायला सुरुवात केली होती, आणि ही भेग फॉलिक आम्ल कमी असलेल्या निकृष्ट खुराकातच उघडी पडते. ते सदरलंड यांनी १९७७ साली दाखवले.

त्या जागेवरचे एफएमआर-१ हे जनुक १९९१ साली सापडले. त्याच्या आरंभी सी-जी-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत तीसेक वेळा. ती ५५ ते २०० वेळा आली तर माणूस वाहक असतो, बुद्धी सहसा ठीक असते. २०० च्या पलीकडे गेली की पेशी त्या जनुकाला कुलूपच घालते, आणि त्यापासून व्हायचे प्रथिन होत नाही.

या प्रथिनाचे काम काय? दोन चेतापेशी जेथे भेटतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. पलीकडून ग्लुटामेट हे रसायन येते, अलीकडच्या पेशीच्या कातडीवरील एमग्लुआर-५ या ग्राहक रेणूवर बसते, आणि आत निरोप्यांची साखळी हलते. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला उठवायचे. शेवटी हुकूम पोचतो : नवी प्रथिने बनवा. शिकणे, लक्षात ठेवणे यासाठी हे हवेच. पण मापात हवे. एफएमआर-१ चे प्रथिन येथे मुकादमासारखे उभे असते; गरज नसताना काम सुरू होऊ देत नाही. भाच्याच्या मेंदूत मुकादमच नाही. काम अखंड चालू, गोंगाट फार, आणि त्यात कामाचा निरोप हरवतो. बेअर, ह्यूबर आणि वॉरन यांनी ही उपपत्ती २००४ साली मांडली. उंदरांत एमग्लुआर-५ निम्मे केल्यावर पुष्कळ दोष सुधारलेही. माणसांवरच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या मात्र २०१४ साली अपयशी म्हणून थांबवाव्या लागल्या. 'आता औषध आले' असे सांगणाऱ्यापासून म्हणून मी ताईला सावध करतो.

आणखी एक गुंता आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिस या दुसऱ्या विकारातही स्वमग्नता आढळते. परंतु त्याचे उंदीर तपासले तेव्हा याच ग्राहकाशी जोडलेली प्रथिननिर्मिती वाढलेली नव्हे, घटलेली निघाली; आणि २०११ साली दोन्ही बिघाड एकाच उंदरात आणल्यावर ते एकमेकांना सावरताना दिसले. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरू शकते. स्वमग्नतेशी जोडलेली जनुके शंभराहून अधिक आहेत. एकच कारण शोधणारा फसणार.

रक्ताची भाषा ऐकली की आपल्या माणसाचे कान उभे राहतात, आणि ते बरोबरच आहे. 'मंदबुद्धी' ठरवलेल्या बायकांची सक्तीने नसबंदी करण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली मान्यता दिली. वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालीच घेतला. पण जनुकाची चूक ही अक्षरांची चूक आहे. ती कुळाची लायकी सांगत नाही.

आता 'आईकडून येते' याविषयी. ५५ ते २०० मधली संख्या २०० पलीकडे उडी घेते ती आईकडून मुलाकडे जाताना. बापाकडून जाताना घेत नाही. म्हणून डॉक्टरांचे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. ताईकडे ते कुठून आले? आईची तपासणी केली. तिचे दोन्ही एक्स नेहमीसारखे निघाले. राहिले वडील. बाप आपला एकुलता एक्स प्रत्येक मुलीला देतो, मुलाला वाय देतो. मला वाय मिळाले, ताईला एक्स. दोघांनीही मागून घेतले नव्हते.

वडील पाटबंधाऱ्यावर बिगारी होते. साठीच्या सुमारास त्यांचे हात थरथरू लागले, चाल डगमगू लागली. वाहक पुरुषांना उतारवयात असा विकार होतो हे २००१ साली प्रथम नोंदले गेले. वडिलांचे रक्त आता तपासायला मिळणार नाही, पण दुसरा अर्थ मला लागत नाही. गावात त्यांना सगळे दारुडा म्हणत. घरात आम्हीही कधीकधी संशय घेतला.

ताईला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ भाच्याच्या फडफडणाऱ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दादा कधी पीतच नव्हते?"