व्हीआर बॉक्स लावून बाबांना चालवू नका!
बोईसर स्टेशनच्या जिन्यावर बाबा पडले, तेव्हापासून चालायला घाबरतात. म्हटलं, मोबाईलच्या व्हीआर बॉक्सवर घरीच सराव करून घेऊ. पहिल्याच पावलाला तोल गेला. मी धरलं म्हणून बरं. (इंजिनीअर असून ही अक्कल!)

झालं काय, तर फोनचा जायरोस्कोप फक्त मान वळलेली ओळखतो. पाऊल पुढे टाकलं तरी चित्र जागेवरच, त्यात खरी जमीन दिसत नाही.

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगात ३०२ ज्येष्ठ होते. सगळे ट्रेडमिलवर चालले, पण निम्म्यांसमोर स्क्रीनही होता. कॅमेरा त्यांची पावलं टिपून त्यावर दाखवायचा, वाटेत अडथळे यायचे. सहा आठवड्यांच्या सरावानंतर त्यांचं पडणं जवळपास निम्म्यावर आलं. नुसत्या ट्रेडमिलवाल्यांचं तेवढं नाही.

बाबा आता फिजिओथेरपिस्टकडे जातात. बॉक्स लावतात, पण खुर्चीत बसूनच.