'जॅक द रिपर' या नांवाचा उगम

लंडनच्या पूर्वभागांतील व्हाइटचॅपेल व त्याच्या आसपासच्या वस्तींत इ. स. 1888 च्या 31 ऑगस्टपासून 9 नोव्हेंबरपर्यंत पांच स्त्रियांचे खून झाले. ते एकाच हाताचे समजले जातात. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज व मेरी जेन केली हीं त्या स्त्रियांचीं नांवें. खुनी कधींच सांपडला नाहीं. तथापि त्याचें म्हणून जें नांव जगास ठाऊक आहे तें 'जॅक द रिपर'. जॅक हें इंग्रजींत जॉन या नांवाचें घरगुती रूप. रिपर म्हणजे फाडणारा, उभें चिरणारा. हें नांव कोणत्या जुन्या जॅकवरून घेतलें याविषयीं पुष्कळ तर्क लढविले गेले आहेत. परंतु बनावटीचा संशय असलेली सनद पुढें आली म्हणजे आपण प्रथम तिचा कागद, वळण व मोर्तब पाहतों, मजकुराकडे मागाहून वळतों. येथेंही तोच क्रम धरणें इष्ट.

हें नांव ज्या कागदानें जगापुढें आलें तो म्हणजे सेंट्रल न्यूज या, वर्तमानपत्रांना बातम्या पुरविणाऱ्या, लंडनच्या संस्थेस आलेलें एक पत्र. त्यावर तारीख 25 सप्टेंबर 1888. पाकिटावरील टपालाचा शिक्का 27 सप्टेंबरचा. संस्थेनें तें 29 तारखेस पोलिसांकडे धाडलें व आपण तें प्रथम थट्टा समजलों असें सोबत कळविलें. मजकूर तांबड्या शाईनें लिहिला असून शेवटचा ताजा कलम तांबड्या खडूनें, कागद आडवा धरून लिहिलेला आहे. लिहिणारा म्हणतो कीं, रक्तानेंच लिहिणार होतों, पण तें बाटलींत सरसासारखें घट्ट झालें. पुढच्या वेळीं बाईचे कान कापून पोलिसांना पाठवीन. तोंवर हें पत्र दाबून ठेवा. नंतर सही, आणि हें आपलें धंद्यांतलें नांव दिल्याबद्दल राग नसावा, अशी वर मखलाशी.

दुसऱ्याच दिवशीं, 30 सप्टेंबरच्या पहांटेपूर्वीं, स्ट्राइड व एडोज यांचे खून झाले, आणि एडोजच्या कानाची पाळी कापलेली आढळली. 1 ऑक्टोबरला पत्र छापून निघालें. त्याच तारखेच्या शिक्क्याचें, त्याच सहीचें एक कार्डही त्याच संस्थेकडे आलें. कोणी तरी अक्षर ओळखील या आशेनें पोलिसांनीं दोहोंच्या हुबेहूब छापील प्रती जागोजाग लावल्या. अक्षर ओळखलें गेलें नाहीं. नांव मात्र सर्वतोमुखीं झालें. पुढें या सहीचीं शेंकडों पत्रें आलीं. अशीं पत्रें लिहिल्याबद्दल ब्रॅडफर्ड येथील एका तरुणीस त्याच महिन्यांत कोर्टापुढें उभें राहावें लागलें.

पत्र खुन्याचेंच होतें काय? त्या वेळचे पोलीस अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन यांनीं 1910 सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हें एका लंडनच्या बातमीदाराचें कर्तृत्व असल्याचें सांगितलें, नांव मात्र गाळलें. जॉन लिटलचाइल्ड या दुसऱ्या निवृत्त अधिकाऱ्यानें 1913 च्या एका खासगी पत्रांत सेंट्रल न्यूजच्या टॉम बुलिंगचें व त्याचा वरिष्ठ मूर याचें नांव घेतलें. हें पत्र 1993 मध्यें जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून स्टुअर्ट एव्हान्स या संग्राहकाच्या हातीं आलें. पंचवीस वर्षांनंतरची ही साक्ष. कचेरींतील समज सांगणारी, डोळ्यांनीं पाहिलेली नव्हे. म्हणून केवळ तिच्यावर आम्ही भिस्त ठेवीत नाहीं. पाकिटावरील पत्ता आम्हांस अधिक बोलका वाटतो. सामान्य लंडनकर वर्तमानपत्र ओळखतो. बातम्यांचा घाऊक व्यापार करणारी कचेरी तो कोठून ओळखणार? शिवाय 5 ऑक्टोबरला तिसरें पत्र आल्याचें बुलिंगनें पोलिसांना कळविलें तेव्हां मूळ पत्र न देतां आपल्या हातची नक्कल पाठविली. 2018 मध्यें आंद्रेआ निनी या भाषाशास्त्रज्ञानें शब्दयोजना ताडून पहिलें पत्र व कार्ड हीं एकाच लेखकाचीं असावींत असा निष्कर्ष काढला. तेव्हां नांवाची प्रेरणा शोधणें म्हणजे खुन्याचें मन शोधणें नव्हे. बहुधा एका बातमीदाराची स्मृति शोधणें होय.

त्या स्मृतींत जॅक पुष्कळ होते. जॅक शेपर्ड हा तुरुंग फोडून वारंवार निसटणारा चोर 1724 सालीं टायबर्न येथें फांसावर गेला. एन्सवर्थच्या 1839 च्या कादंबरीनें तो पुन्हा जिवंत केला, आणि 1885 च्या नाताळांत लंडनच्या गेटी नाटकगृहांत त्याच्यावरील विनोदी संगीत नाटक लागलें. वाटमाऱ्या जॉन रॅन हा 'सिक्स्टीन स्ट्रिंग जॅक' म्हणून 1774 सालीं फांशीं गेला. परंतु हे दोघे लोकांचे लाडके चोर. स्त्रियांवर झडप घालणारे नव्हत. त्या दृष्टीनें 'स्प्रिंग-हील्ड जॅक' अधिक जवळचा. टाचांना स्प्रिंगा लावल्यागत उड्या मारणारा हा बागुलबुवा 1837-38 च्या हिंवाळ्यांत लंडनभर गाजला. जानेवारी 1838 मध्यें लॉर्ड मेयर सर जॉन कोवन यांनीं त्याच्याविषयींचें एक निनांवी तक्रारपत्र जाहीर केलें. पुढच्याच महिन्यांत पूर्व लंडनमधील ओल्ड फोर्ड येथें जेन अल्सप या मुलीवर तिच्याच दारांत हल्ला झाला. नंतर पेनीला मिळणाऱ्या गोष्टींच्या चोपड्यांनीं त्यास घरोघर पोंचविलें. निनांवी, न सांपडणारा, स्त्रियांना भेडसावणारा जॅक असा हाच एक. तरी तोच नमुना असें ठाम म्हणवत नाहीं, कारण जॅक हें मुळांत आपल्या सोम्यागोम्यासारखें कोणाचेंही नांव. खलाशी तोही जॅकच.

'रिपर'विषयीं थोडक्यांत. शब्दशः अर्थ उघड आहे. शिवाय तत्कालीन बोलींत उत्तम, फक्कड वस्तूलाही रिपर म्हणत, आणि पत्राचा सूर पाहतां हा श्लेष बुद्धिपूर्वक असावा. लिव्हरपूलची 'हाय रिप' टोळीही त्या दशकांत वर्तमानपत्रांत गाजत होती.

पण जुन्या जॅकांपेक्षांही निकट कारण निराळें आहे. सप्टेंबरच्या आरंभीं वर्तमानपत्रांनीं खुन्यास 'लेदर एप्रन', म्हणजे कातडी आंगवस्त्रवाला, असें नांव दिलें होतें. त्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका ज्यू जोडे करणाऱ्यास 10 तारखेस पकडलें. तो लागलाच निर्दोष ठरला. दरम्यान त्या वस्तींत ज्यू लोकांविरुद्ध जमाव उठले होते. नांव बाद झालें, खुनी मोकळा, आणि बातमीस मथळा उरला नाहीं. दोन आठवड्यांनीं जें पत्र आलें, त्यांत लेदर एप्रनच्या विनोदाला आपण हंसलों असें लिहिणारा आवर्जून सांगतो. जुनें नांव पुसून नवें देण्याची ही घाई खुन्यास कशाला असावी? वर्तमानपत्रास मात्र होती.

हें पत्र पोलिसांच्या दप्तरांतून पुढें नाहींसें झालें, व अनेक वर्षें केवळ छापील प्रतींवरून त्याची चर्चा चालली. नोव्हेंबर 1987 मध्यें तें टपालानें स्कॉटलंड यार्डला परत आलें. आतां तें क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे. पाठविणाऱ्यानें आपलें नांव दिलें नव्हतें.